ई-सायकलची मोटर आणि आमची घाटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नोकरीधंद्यासाठी रोज वापरायच्या इलेक्ट्रिक सायकलींची तुलना करणारा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे आणि किंमत, वजन, चार्जिंगचा वेळ ही माहितीही व्यवस्थित दिली आहे; परंतु मोटरविषयी त्यात दोनच आकडे आढळतात, एक वॅटचा आणि दुसरा एका चार्जिंगमध्ये सायकल किती किलोमीटर जाईल याचा. मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत बरीच वर्षे शिल्पनिदेशक म्हणून वीजतंत्री व्यवसाय शिकवला, विद्यार्थ्यांकडून जळालेल्या मोटरी उसवून पुन्हा गुंडाळून घेतल्या, आणि निवृत्तीनंतर गेली चार वर्षे रत्नागिरीजवळच्या सड्यावरील, म्हणजे वरच्या कातळी पठारावरील, घरातून खाली बाजारापर्यंत इलेक्ट्रिक सायकलनेच ये-जा करतो. त्या अनुभवावरून लिहितो की या दोन आकड्यांवर सपाट शहरात सायकल घेणाऱ्याचे निभावेल, कोकणपट्टीत निभावणार नाही. येथे आधी आपली घाटी मोजावी आणि मगच मोटरीला हात घालावा.

समुद्राला किंवा खाडीला लागून वाडी, तिच्या पाठीशी जांभ्याचा सडा आणि दोहोंच्या मध्ये वळणे घेत चढणारी घाटी अशी आपल्या बहुतेक गावांची रचना आहे. आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणारा सागरी रस्ता ज्यांनी सायकलने केला असेल, त्यांना हा चढ-उताराचा खेळ वेगळा सांगायला नको. त्यात कोकण रेल्वेची कित्येक स्थानके गावापासून दूर असल्यामुळे गाडीने नोकरीला जाणाऱ्यालाही आधी स्टेशन गाठावे लागते. हे अंतर सायकलचेच आहे, आणि माणसे ते सायकलने जात नाहीत याचे कारण अंतर हे नसून मधली घाटी हे आहे.

थोडा हिशेब मांडतो. माणसाचे सत्तर किलो, सायकलचे चोवीस आणि पिशवी-डब्याचे सहा असे एकंदर शंभर किलो वजन धरू. सपाट डांबरी रस्त्यावर, समोरून वारा नसताना, ताशी २० किलोमीटर वेगाने जायला साधारण १०० वॅट शक्ती पुरते, आणि प्रकृतीने ठीक असलेला माणूस बराच वेळ जवळपास तेवढी शक्ती पायांनीच देऊ शकतो. म्हणजे सपाटीवर मोटर ही चैन आहे. आता तेच वजन शंभर मीटरला आठ मीटर चढणाऱ्या घाटीवर ताशी १२ किलोमीटरने न्यायचे झाले, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्धच सुमारे २६० वॅट लागतात, आणि टायरच्या घर्षणाचे तीसपस्तीस धरून आकडा तीनशेच्या घरात जातो. शंभर पायांचे, उरलेले दोनशे मोटरीचे. चढ बारा टक्क्यांचा असेल, तर वेग आपोआप ताशी आठ-नऊवर येतो आणि खरी परीक्षा वॅटची न राहता टॉर्कची, म्हणजे चाक पिळून फिरवण्याच्या जोराची होते. २६ इंची चाकाला आठ टक्क्यांच्या चढावर सुमारे २९ न्यूटन-मीटर, बारा टक्क्यांवर ४२ आणि पंधरा टक्क्यांवर ५२ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. त्यातला दहा ते पंधराचा भार पायांनी उचलला तरी बाकीचा मोटरीवर पडतो. दुकानातल्या फलकावर वॅट ठळक अक्षरांत असतात, पण हा टॉर्कचा आकडा विचारला की बहुतेक ठिकाणी विक्रेता आत जाऊन कोणाला तरी फोन लावतो.

घाटीचा चढ मोजायला फार काही लागत नाही. गवंड्याकडची पाणसळ आणि एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्यावी, पट्टीचे एक टोक रस्त्यावर चढाच्या दिशेने टेकवावे, पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत दुसरे टोक उचलावे आणि त्या टोकाखालची उंची सेंटीमीटरमध्ये मोजावी. आठ सेंटीमीटर आले तर चढ आठ टक्के. हे मोजमाप वळणाच्या आतल्या बाजूला करू नये, तेथे चढ नेहमी जास्त दिसतो. सायकल जेथून जाते त्या कडेने चार-पाच ठिकाणी करावे. मी आमच्या घाटीवर हा प्रयोग केला तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटले की रस्ता रुंदीकरणाची मोजणी पुन्हा सुरू झाली, आणि दोघांनी गाडी थांबवून कुणाची किती जागा जाणार याची चौकशीही केली. सांगण्यासारखी गोष्ट अशी की जी घाटी मी आयुष्यभर 'भयंकर' समजत होतो तिचा बहुतांश भाग सात-आठ टक्क्यांचाच निघाला, फक्त एका वळणाजवळचे साठेक मीटर बारा टक्क्यांचे.

वॅटच्या आकड्याबद्दल वाचकांत जो गोंधळ आहे तो मुळात कायद्याच्या भाषेतून आलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील व्याख्येप्रमाणे ज्या सायकलच्या मोटरीची 'तीस मिनिटांची शक्ती' २५० वॅटपेक्षा कमी आहे, जिची मदत वेग वाढेल तशी कमी होत जाऊन ताशी २५ किलोमीटरला पूर्ण थांबते, किंवा पायडल मारणे थांबवल्यास त्याआधीच थांबते, जिचे बॅटरीखेरीज वजन ६० किलोंहून अधिक नाही, जिला योग्य ब्रेक आणि पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक आहे, आणि पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने जी तपासून प्रमाणित केली आहे, ती मोटार वाहन समजली जात नाही. म्हणूनच तिला नोंदणी लागत नाही आणि ती चालवायला परवाना लागत नाही. यातील 'तीस मिनिटांची शक्ती' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मोटर बांधणारा जेव्हा पाटीवर वॅट लिहितो, तेव्हा तो एवढेच सांगत असतो की ठरलेल्या वेळेत एवढी शक्ती सलग दिली तरी आतली वायंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, मर्यादेबाहेर तापणार नाही. तीच मोटर दोन-चार मिनिटांसाठी याच्या दुप्पट शक्तीही देऊ शकते, फक्त तेवढ्या वेळात साठलेली उष्णता नंतर बाहेर टाकायला तिला उसंत मिळाली पाहिजे. पिठाच्या गिरणीची मोटर दिवसभर चालते आणि पाट्या-वरवंट्याची जागा घेतलेल्या मिक्सरच्या भांड्याखालची मोटर पाच मिनिटांत गरम होते, तरी दोघींच्या पाटीवर वॅटच लिहिलेले असतात. आमची घाटी उंचीने सुमारे साठ मीटर, लांबीने पाऊण किलोमीटर. ताशी १२ किलोमीटरने ती चार मिनिटांच्या आत संपते. अशा घाटीला २५० वॅटची चांगली मोटर पुरून उरते. दोन किलोमीटरच्या घाटाला तीच मोटर पुरेल असे मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही.

आता मोटरींच्या जातींकडे येतो. सायकलच्या चाकाच्या तुंब्यात बसणारी मोटर दोन प्रकारची असते. एकीत मोटरीचे बाहेरचे आवरण हेच चाकाचा तुंबा असते, मोटरीची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. तिला थेट फिरणारी मोटर म्हणू. ती पाच-सहा किलोंची, दिसायला मोठ्या थाळीएवढी आणि आवाजाने अगदी गप्प असते. दुसरीत आतली छोटी मोटर भरभर फिरते आणि तीन दातेरी चाकांमार्फत तिच्या चार-पाच फेऱ्यांना चाक एकदा फिरते. हिला गिअरची हब मोटर म्हणतात, वजन अडीच-तीन किलो. दातेरी चाके बहुधा नायलॉनची असतात, आणि त्यांच्यासोबत एकाच दिशेने पकडणारा क्लच असल्यामुळे मोटर बंद असताना चाक मोकळे फिरते. पहिल्या जातीत ते तसे फिरत नाही; चुंबकांची ओढ पायडल मारताना सतत जाणवते.

माझ्या पुतण्याने माझा सल्ला न घेता यातली पहिली जात घेतली. जुन्या सायकलवर बसवायचे 'पाचशे वॅटचे' किट होते, आणि उतारावर बॅटरी आपोआप भरते या एका वाक्यावर तो भुलला. त्याच्या वाटेवरची घाटी आमच्याहून उभी आणि लांब आहे, आणि थेट फिरणाऱ्या मोटरीला सर्वांत जड जाते ते हळू फिरणे. ताशी २५ किलोमीटरला २६ इंची चाक मिनिटाला सुमारे २०० फेऱ्या मारते, ताशी आठला ६४; तेवढ्या कमी फेऱ्यांत जोर तर पूर्ण हवा असतो, म्हणून वायंडिंगमधून वीज पूर्ण वाहते, पण तिच्यातून काम निघते थोडे आणि बाकीची नुसती उष्णता होते. बॅटरीकडून ५४० वॅट घेऊन अडीचशे चाकाला मिळाले, तर उरलेले त्या बंद थाळीतच शिजत राहतात. तिसऱ्या आठवड्यात तो सायकल टेंपोत घालून माझ्याकडे आला. थाळी उघडण्यापूर्वीच वार्निश करपल्याचा तो वास आला, जो आमच्या कार्यशाळेतला कोणताही विद्यार्थी डोळे मिटून ओळखील. आसातून बाहेर येणाऱ्या तीन जाड वायरींचे आवरण वितळून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि अशा चिकटलेल्या वायरींची चुंबकी मोटर स्वतःच ब्रेक होऊन बसते; चाक ढकलूनही फिरेना म्हणून टेंपो करावा लागला होता. पाचशे वॅटची म्हणून ती सायकल वर सांगितलेल्या व्याख्येबाहेर होती, म्हणजे नोंदणी आणि विमा नसलेले मोटार वाहन होती, ही गोष्ट विक्रेत्याने सांगितलीच नव्हती.

उतारावर बॅटरी भरण्याचा मुद्दा खोटा नाही, फक्त किती भरते ते कोणी मोजत नाही. शंभर किलो वजन साठ मीटर खाली उतरले तर मिळू शकणारी सगळी ऊर्जा १६ वॅट-तास आहे. त्यातली निम्मी परत मिळाली असे धरले तरी आठ. नेहमीच्या ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ३६० वॅट-तास असतात. म्हणजे सगळी घाटी उतरून एक किलोमीटरची सोयही होत नाही. ब्रेकचे रबर कमी झिजते हा लाभ खरा, पण त्यासाठी दुप्पट वजनाची मोटर घेऊन वर चढणे मला पटत नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. घाटी बॅटरी फार खात नाही. रोजच्या चौदा किलोमीटरला दीडशेच्या आसपास वॅट-तास लागतात, त्यात घाटीचा वाटा वीसपंचवीसचा. मोठी बॅटरी घेतली म्हणजे चढ सोपा होईल हा जो समज लेखातही डोकावतो तो चुकीचा आहे. बॅटरी अंतर ठरवते, चढण्याची ताकद मोटर आणि तिला बॅटरीतली वीज मोजून देणारा कंट्रोलर ठरवतात, आणि नको तेवढी मोठी बॅटरी चढावर उलट वजन वाढवते. एक चार्जिंग अर्ध्या युनिटाहून कमी विजेत होत असल्यामुळे रोज रात्री घरी आल्यावर लावणे हेच सोयीचे.

तिसरी जात पायडलच्या धुरेजवळ बसणाऱ्या मोटरीची, जिला मिड-ड्राइव्ह म्हणतात. ही कल्पना नवी नाही. यामाहाने १९९३ साली जपानमध्ये 'पास' नावाची अशी सायकल विक्रीला आणली, आणि पुढे बॉश, शिमानो यांनीही याच पद्धतीच्या मोटरी काढल्या. हिचे मर्म असे की मोटर चाकाला थेट न फिरवता साखळीला फिरवते, त्यामुळे सायकलचे गिअर जसे पायांच्या उपयोगी पडतात तसेच मोटरीच्याही पडतात. मागची मोठी चकती घातली की चाक हळू आणि मोटर तिच्या सोयीच्या वेगाने फिरते, म्हणून ती तापत नाही. धुरेजवळ ६० न्यूटन-मीटर देणारी मोटर पुढे-मागे ३२ दातांच्या चकत्या असतील तर चाकालाही तेवढेच देते. तीच पुढे ३८ आणि मागे १४ दात असताना जेमतेम २२ देते. म्हणून बिनगिअरच्या सायकलला मिड-ड्राइव्ह लावणे हा पैशाचा अपव्यय आहे, आणि गिअर असूनही ते बदलण्याचा कंटाळा करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

पंधरा टक्क्यांच्या किंवा दीड-दोन किलोमीटर लांबीच्या घाटीला माझ्या मते हाच पर्याय आहे, पण त्याची किंमत केवळ दुकानात द्यावी लागत नाही. पाय आणि मोटर या दोघांचा जोर एकाच साखळीवर येतो. आपल्याकडे जांभ्याची तांबडी धूळ आणि खारा वारा यांनी साखळी एरवीही लवकर जाते. पावसाळ्यात दोन दिवस तेल घातले नाही तर ती गंजून करकरू लागते, आणि मिड-ड्राइव्हच्या सायकलची साखळी तुटली की माणूस आणि मोटर दोघेही तेथेच थांबतात. शिवाय यातील बहुतेक प्रणाली बंदिस्त असतात. मोटर, बॅटरी आणि हँडलवरचा डिस्प्ले एकमेकांची ओळख पटल्याशिवाय चालत नाहीत, दुसऱ्याची बॅटरी लावता येत नाही, आणि बिघाड शोधायला विक्रेत्याकडचा संगणक लागतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची अशी सायकल डिस्प्लेच्या एका सुट्या भागासाठी ऐन गणपतीच्या आधी सहा आठवडे पडवीत उभी होती. मोटर उत्तम होती, आजही आहे.

या सगळ्याचा विचार करून मी स्वतः मागच्या चाकातली गिअरची हब मोटर घेतली, आणि ज्यांची घाटी दहा टक्क्यांपर्यंतची व किलोमीटरभराच्या आतली आहे अशांना तीच सुचवतो. 'मागच्या चाकातली' हे शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. पुढच्या चाकात मोटर बसवणे सोपे असल्यामुळे किट विकणारे तिचा आग्रह धरतात, पण चढावर भार मागे सरकतो, पुढचे चाक हलके होते, आणि जुलैत शेवाळ धरलेल्या रस्त्यावर किंवा खडीवर ते जागच्या जागी फिरते. त्याहून वाईट म्हणजे मोटरीचा आस उलट दिशेने पिळला जाऊन चिमट्याच्या खाचेतून निसटू शकतो. ॲल्युमिनियमच्या किंवा स्प्रिंगच्या चिमट्यात तर ही जोखीम घेऊच नये. मागे बसवतानाही आसाला अडवून धरणारी पोलादी पट्टी, जिला टॉर्क-आर्म म्हणतात, लावली आहे की नाही ते पाहावे. शंभर-दोनशे रुपयांची ती पट्टी नसल्यामुळे आस फिरून वायरी पिळवटल्याचे मी दोनदा पाहिले आहे.

मोटरीइतकाच महत्त्वाचा, आणि लेखात अजिबात न आलेला भाग म्हणजे सेन्सर. स्वस्त सायकलींत पायडलच्या धुरेवर चुंबकांची एक चकती असते आणि पायडल फिरते आहे की नाही एवढेच ती कंट्रोलरला कळवते. तुम्ही हलकेच पाय फिरवा किंवा जीव तोडून दाबा, मोटर ठरलेलाच जोर देते, आणि तोही पायडल थोडे फिरल्यानंतर. सपाटीवर हे चालते. घाटीच्या मध्यावर एसटीला वाट देण्यासाठी थांबून पुन्हा निघायचे असते तेव्हा मात्र ते अर्धे पायडलच मारवत नाही, आणि मारले तर मोटर एकदम उसळी घेते. दुसऱ्या प्रकारचा सेन्सर पायडलवरचा दाब मोजतो. दाबाल तेवढी मदत, आणि दाबल्याबरोबर. आमच्या वाडीतल्या एका शिक्षिका गेले दोन पावसाळे अशा सेन्सरची सायकल घेऊन शाळेत जातात. त्यांनी पहिल्या दिवशी मला येऊन सांगितले की कोणीतरी मागून हात लावल्यासारखे वाटते. किमतीतला फरक चार-पाच हजारांचा असला तरी घाटीवाल्याने तो द्यावा, आणि हवे तर बॅटरीत तेवढी काटकसर करावी असे मला वाटते.

आता पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. माहितीपत्रकात 'आयपी ६५' किंवा 'आयपी ६७' असे लिहिलेले असते. यातील पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा: ५ म्हणजे चहूकडून पाण्याची धार सोसणारे, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडूनही आत पाणी न घेणारे. ही चाचणी गोड्या पाण्याची आणि नव्या कोऱ्या वस्तूवर झालेली असते. उधाणाच्या भरतीला मोरीवरून येणाऱ्या खाडीच्या पाण्याशी, किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर रोज अंगावर येणाऱ्या तुषारांशी तिचा संबंध नाही. येथेही मोटरीची जागा महत्त्वाची ठरते. चाकाचा आस जमिनीपासून सुमारे तेहतीस सेंटीमीटरवर असतो, पायडलजवळच्या मोटरीचे पोट त्याहून बरेच खाली. पाणी साठलेल्या रस्त्यावर आधी तीच भिजते.

हब मोटरीत पाणी शिरते ते बहुधा आसातून, वायरीच्या अंगाने वाहत. म्हणून वायर आसात शिरण्यापूर्वी तिला खाली थोडा झोळ ठेवावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकून जाते. घरावर येणाऱ्या सर्व्हिस वायरीला आपण हेच करतो, पण तीस-चाळीस हजारांच्या सायकलला कारखान्यातूनच वायर वरून खाली सरळ आलेली मी पाहिली आहे. आत मोटरीची स्थिती सांगणारे तीन इवलेसे हॉल सेन्सर असतात. त्यांच्यापर्यंत ओल पोचली की मोटर अडखळते, घरघरते आणि लोक ती जळाली असे समजून नवी घेतात. चाक काढून, बाजूचे झाकण उघडून, दोन दिवस उन्हात वाळवून अशा मोटरी पूर्ववत झालेल्या आहेत. वायरींचे जोड रबरी कड्यांचे, गोल, पाणी न शिरणारे असावेत. चपट्या उघड्या जोडांवर तांब्याला वर्षाच्या आत हिरवा थर धरतो, पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक जसे कळकते तसाच, आणि मग दोष मोटरीला दिला जातो. त्या शिक्षिकांच्या सायकलचा दोन वर्षांतला एकमेव बिघाड अशा एका जोडाचा होता. सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊन घेण्याची हौस असलेल्यांनी ती मोटारसायकलपुरती ठेवावी.

दुरुस्तीचे एवढेच सांगतो की सायकल घेण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या पंक्चरवाल्याला ती दाखवावी. हब मोटरीचे चाक काढायला अठरा-एकोणीसचा पाना, वायरीचा जोड सोडण्याची माहिती आणि नट परत पुरेसा आवळण्याची शिस्त लागते. जोड आसापासून वीतभर अंतरावर असेल तर हे दहा मिनिटांचे काम आहे. तो फ्रेमच्या आत कोठेतरी दडवलेला असेल तर पंक्चरवाला हात जोडतो, आणि त्याची चूक नसते. झिजलेली नायलॉनची दातेरी चाके, कंट्रोलर आणि डिस्प्ले हे तीन भाग सुटे मिळतात का, कोठून आणि किती दिवसांत, हे बिलावर लिहून मागावे. गिअरच्या हब मोटरीचे कंट्रोलर पुष्कळदा एकाचे दुसऱ्याला चालतात, हा तिचा मोठा गुण आहे. आमच्याकडच्या वायंडिंगच्या दुकानांतल्या मुलांना तेवढे काम थोड्या सरावाने जमते.

आपल्या लेखाच्या शेवटी 'पुढील रविवारी उत्तरार्ध' असे छापले आहे. त्यातील कोष्टकात प्रत्येक सायकलपुढे मोटरीचा जास्तीत जास्त टॉर्क, सेन्सर दाबाचा की नुसत्या फिरण्याचा, मोटरीचा आणि कंट्रोलरचा स्वतंत्र आयपी आकडा, आणि चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आहे की नाही, एवढे रकाने वाढवावेत अशी विनंती आहे. जागा कमी पडत असेल तर 'एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर' हा रकाना काढून टाकला तरी चालेल, कारण तो आकडा बहुतेक कंपन्या सर्वांत कमी मदतीवर, सपाट रस्त्यावर काढतात. आणि विक्रेत्यांना आपल्या माध्यमातून एक विचारावेसे वाटते: चाचणीसाठी सायकल दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारायला देण्याऐवजी, ओळखपत्र ठेवून घेऊन का होईना, ती जवळच्या घाटीपर्यंत न्यायला ते देतील काय? मी माझी सायकल घेताना ही अट घातली होती. तीन दुकानांनी नकार दिला, चौथ्याने माणूस बरोबर पाठवला, आणि तो माणूस स्कूटरवरून मागे येत वर पोचला तेव्हा मी सड्यावर उभा राहून मोटरीवर हात ठेवून ती किती तापली ते पाहत होतो. हात ठेवता येत होता, म्हणून तीच घेतली.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (वीजतंत्री),
रत्नागिरी